भीमबाईच्या झाडाखाली मौन

जो माणूस घरात अकरा महिने बोलत नाही त्याला बोलतं करायला मी जिथे घेऊन गेले, तिथला पहिला नियम मौनाचा होता. हे मला तिथे पोचल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी यवतमाळच्या बसस्टँडवरूनच मागे फिरले असते आणि तुम्हाला हे वाचायची तसदी पडली नसती.

तो माणूस म्हणजे आमचे हे. चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात होते. गावोगाव साखळी, मग फीता, मग ते तिपाईवरचं यंत्र घेऊन फिरले. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. माझं आयुष्य बोलण्यात गेलं, त्यांचं मोजण्यात, पण संध्याकाळी चहाला बसलं की तेही काही कमी बोलत नसत. कोणत्या गावात कोण धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कसं भांडलं, पाटलाने जेवायला काय वाढलं, कोणाच्या बैलाने यंत्र पाडलं, सगळं साग्रसंगीत.

मग दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीला दोन महिने असताना, पांढरकवड्याच्या अलीकडे एका गावात दोन भावांचा धुरा त्यांनी मोजला. मोजणीत हद्द थोरल्याच्या वाहितीत चार हात आत गेली. ह्यांनी नियमाप्रमाणे दगड रोवला आणि घरी आले. तिसऱ्या दिवशी त्या दगडापाशीच दोघे भाऊ एकमेकांवर धावून गेले. थोरल्याच्या डोक्यात घाव बसला आणि तो तिथेच गेला. ह्यांना कोणी बोल लावला नाही. साक्षीला बोलावलं तेव्हा वकिलाने विचारलं, मोजणी बरोबर होती का. हे म्हणाले, "बरोबर होती." समोर थोरल्याची बायको बसलेली होती. त्यानंतर पूर्ण वाक्य असं त्यांच्या तोंडून आलंच नाही. भाजीत मीठ कमी आहे का, तर "हं". दवाखान्यात जायचं का, तर "हं". डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जरा हिरव्यात फिरवून आणा असंही सांगितलं. एका भाच्याने विपश्यना सुचवली. मी म्हटलं, अरे, तिथे तर बोलूच देत नाहीत.

शेवटी पुण्याच्या लेकीने फोनवर शोधून परस्पर नाव नोंदवलं. आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरच्या जंगलात तीन दिवसांचं शिबिर, वनोपचारातून भावनिक आरोग्य. मला तिने फोटो पाठवले. झाडांना मिठ्या मारलेली माणसं, सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांचे कपडे पांढरे. सोबत आणायच्या वस्तूंची यादी होती. त्या यादीच्या खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, ते मी वाचलं नाही. ती चूक माझी.

पैनगंगेच्या पलीकडे

बस पांढरकवड्याच्या अलीकडच्या त्या फाट्यावरून जायला लागली तशी ह्यांनी खिडकीकडची मान आत वळवली आणि समोरच्या सीटचा गंजलेला दांडा पाहत बसले. फाटा मागे पडून बराच वेळ झाला तरी मान वळलेलीच. मी काही बोलले नाही, म्हणजे त्या विषयावर बोलले नाही. बाकी बोलत होते.

आदिलाबादला बस बदलायची होती. स्टँडवर पाट्या तेलुगू, पण पुरीभाजीवाला चक्क आपल्या मराठीत विचारतो, "काय देऊ ताई?" पुरीबरोबर शेंगदाण्याची पातळ चटणी देतात, ती मात्र दोनदा मागून घ्यावी अशी. पुढच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही असं ऐकून मी ऐटीत आधारकार्ड पुढे केलं. कंडक्टरने ते उलटसुलट पाहिलं, "महाराष्ट्रा" म्हणाला आणि तिकीट फाडलं. शेजारच्या बाईला हसू आलं. ह्यांना आलं नाही.

इंद्रवेल्लीच्या पुढे सागाची रानं सुरू होतात. मार्च संपत आलेला, साग पार उघडा पडलेला, खाली पानांचा थर. हिरवं म्हणून डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते मी खिडकीतून शोधत होते. उटनूरहून जीपने आणखी तासभर, आणि मग एका गावाबाहेर बांबूच्या पाच झोपड्या दिसल्या. नवीन होत्या, आणि आत संडास चांगला होता, हे नमूद करते.

शिबिर चालवणारी ऋचाताई पुण्याची. तीस-बत्तीसची असेल, इतकी हळू बोलते की प्रत्येक वाक्याला पुढे वाकावं लागतं. तिने हात जोडून स्वागत केलं, आमचे फोन एका टोपलीत जमा करून घेतले आणि सांगितलं की उद्या पहाटेपासून दोन दिवस शब्द नाहीत. शब्दांनी आपण मनाला झाकून ठेवतो, ती म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन सगळी हकीकत सांगितली, अकरा महिन्यांसकट. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे काका आधीच अर्ध्या वाटेवर आहेत. कपाळावर हात मारायचा तर तोही तिच्या समोर मारता येईना.

संध्याकाळी झाडांचं वाटप झालं. गावाच्या बाजूला पडीत जमिनीवर मोहाची बारा-चौदा जुनी झाडं होती. आम्ही नऊ जण, बहुतेक हैदराबादचे संगणकातले. प्रत्येकाला एक झाड, झाडाला लाल फीत. हे तुमचं झाड, दोन दिवस याच्याशी नातं जोडायचं. झाडांखालची जमीन काळी होती, पालापाचोळा जाळून झाडून काढलेली, घरातल्या अंगणासारखी स्वच्छ. ऋचाताईंना त्याचं फार वाईट वाटलं. कोणीतरी इथे मातीला जखम केली आहे, असं म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांकडून जंगलातली वाळकी पानं पोत्यांनी आणवली आणि त्या काळ्या जमिनीवर पसरायला लावली. मातीला पांघरूण. हे पानं पसरायला आले नाहीत. आपल्या फीतवाल्या झाडाखाली उभे राहून झाडलेल्या जागेची कड पायाच्या अंगठ्याने चाचपत राहिले. मला वाटलं, थकले असतील.

जेवायला भरडधान्याचं सूप आणि उकडलेली काकडी. काकडी उकडतात हे मला साठाव्या वर्षी कळलं.

पहिली पहाट

पाच वाजता घंटा झाली. पितळेची वाटी आणि लाकडी दांडा, तिचा आवाज बराच वेळ कानात राहतो. चपला काढून, डोळे मिटून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आम्ही मोहाखाली निघालो. पावलांना जंगल कळू द्या, असं ऋचाताई कुजबुजल्या. शब्दांचा नियम त्यांना नव्हता.

पावलांना जे कळलं ते असं की खाली काहीतरी मऊ, ओलं, द्राक्षासारखं फुटत होतं. रात्रभर मोह टपकला होता. आम्ही पसरलेल्या पानांत ती पिवळसर फुलं अडकून बसलेली, आणि त्यांच्यावरून नऊ माणसं अनवाणी चालत होती. वास असा की लग्नघरातल्या भटारखान्यात पाकाचं पातेलं उतू गेलंय. तिसऱ्या फेरीला माझा पाय सटकला आणि मी सपशेल बसले. नवीन पांढरा कुडता मागून पिवळा झाला. ओरडायची सोय नव्हती. पुढच्या संगणकवाल्याने डोळे मिटूनच मला हात दिला, तो माझ्या नाकावर लागला.

मग आपापल्या झाडाला पाठ लावून तासभर बसायचं. मी अर्धा डोळा उघडा ठेवला होता, खोटं कशाला सांगू. उजाडायला लागलं तशी एक म्हातारी झाडांच्या कडेला येऊन उभी राहिलेली दिसली. गुडघ्यापर्यंत लुगडं, काखेत बांबूची मोठी टोपली. तिने आमच्याकडे पाहिलं, टोपली खाली ठेवली, हात जोडले आणि उभी राहिली. बराच वेळ. ऊन वर आलं, तशा चार गायी आल्या आणि मोकळ्या झाडांखालची फुलं खाऊ लागल्या. म्हातारीने त्यांना हाकललंही नाही. शेवटी रिकामी टोपली उचलून निघून गेली. ऋचाताईंनी दुपारी आम्हाला कुजबुजून सांगितलं की स्थानिक आजीसुद्धा आपल्या शांततेत सामील झाली.

आमचे हे त्या रिकाम्या टोपलीमागे नजर लावून बसले होते. दुपारी ते परत झाडाखाली गेले आणि पानं उचलून बाजूला टाकू लागले. ऋचाताईंनी येऊन प्रेमाने त्यांचा हात धरला आणि मान हलवली. मी लांबून पाहत होते. चिडचिड करायची ती कोणावर, हेही ठरेना. घरी मी बोलायची आणि हे गप्प असायचे. इथे मी गप्प, हेही गप्प, आणि बोलत होत्या त्या फक्त ऋचाताई.

दुसरी पहाट

दुसऱ्या दिवशी म्हातारी आमच्याआधी आली होती. तरी तिची निम्मीच जागा वेचून झाली होती, कारण पानांतून एकेक फूल काढायला वेळ लागतो. आम्ही डोळे मिटून, खांद्यांना धरून आलो. ती उठून पुन्हा कडेला गेली आणि हात जोडले.

हे रांगेतून बाहेर पडले. मला कळलं ते खांद्यावरचा त्यांचा हात गेला म्हणून. डोळे उघडले तर हे म्हातारीपाशी उभे. तिची टोपली पाहिली, काळ्या जमिनीची कड पाहिली, झाडाच्या बुंध्यावर लाल फितीच्या खाली कुऱ्हाडीने केलेली जुनी खूण होती, तिच्यावर बोट ठेवलं. मग आमच्याकडे वळले आणि सरकारी आवाजात, जसे पंचांसमोर बोलायचे तसे, म्हणाले, "वहिवाट या बाईंची आहे. सगळे बाहेर व्हा."

अकरा महिने. मी देवाला नाही, धम्माला नाही, डॉक्टरला नाही, कोणाला सोडलं नव्हतं या एका वाक्यासाठी. आणि ऋचाताईंनी काय करावं? ओठांवर बोट ठेवलं आणि घंटा वाजवली.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. मौन माझ्याकडून मोडलं ते असं मोडलं की गावातली कुत्री भुंकायला लागली. घंटेचं काय करावं हेही मी त्यांना सुचवलं. हे मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "तू थांब." मी थांबले. तेही एक वाक्यच होतं.

म्हातारीचं नाव भीमबाई. गोंड समाजातली, घरात गोंडी, पण महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या बेला गावच्या बाजारात उभं आयुष्य गेल्याने मराठी आपल्यासारखंच. तिने सांगितलं ते मी तुम्हाला थोडक्यात सांगते. इथल्या प्रत्येक मोहाला घर आहे; बाकीच्या घरची माणसं आम्हाला पाहून लांबूनच परतली होती. सासू सुनेला देते, बाप लेकीला. फूल पडायच्या आधी ज्याचं झाड तो खालची पानं जाळतो आणि झाडून घेतो, म्हणजे फूल स्वच्छ वेचता येतं. हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि त्यातले दोन दिवस आम्ही तुडवून टाकले होते. ऋचाताई रडवेल्या झाल्या. त्यांनी गावच्या पटेलाला विचारलं होतं, माघात. तेव्हा झाडांवर काही नव्हतं, त्यालाही वाटलं, बसतील बापडे सावलीला. हंगामाचं विचारायचं ऋचाताईंना सुचलं नाही आणि सांगायचं त्याला सुचलं नाही.

मी भीमबाईला विचारलं, मग काल हाकलून का नाही दिलं आम्हाला. ती म्हणाली, "आमी समजलो तुमी देवाचं करून राह्यले. देवाचं करनाऱ्याले मंग कसं उठवाव?"

फितींच्या खाली

ऋचाताई वाईट नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्या फिती सोडल्या, पानं भरून नेली, आणि आम्ही नऊही जण वेचायला बसलो. अर्थात तासाभरात त्यांनी त्याचं नाव 'हातांचं ध्यान' ठेवलं. काही माणसांना काही सांगून उपयोग नसतो. एका संगणकवाल्याने फुलं पानांमातीसकट खरडून टोपली भरली, ती भीमबाईने मुकाट उलटी करून पुन्हा निवडली.

हे भीमबाईच्या शेजारी उकिडवे बसून वेचत होते. भीमबाईच्या झाडाला लागून दुसरा मोह होता, तो तिच्या जावेचा. दोन्ही झाडांच्या फांद्या एकमेकींत घुसलेल्या. खाली दोन झाडलेली वर्तुळं, आणि त्यांच्या मध्ये हातभर रुंद पट्टा, न झाडलेला, पानांनी भरलेला, त्यात फुलांचा सडा. हे त्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मधलं फूल कोणाचं?"

"कोनाचंच नाई," भीमबाई म्हणाली. "मधातलं आमी नाई उचलत. तेही नाई उचलत. ते हरनाचं, ढोराचं."

"आणि भांडण झालं तर?"

"होते ना. दोन वर्सं झाली, मी तिच्याशी बोलत नाई. तोंड नाई पायत तिचं." मग एक फूल फुंकून टोपलीत टाकत म्हणाली, "पन मधातलं तिनं उचललं नाई. काऊन खोटं बोलू?"

ह्यांचा हात थांबला. माझ्याकडे न बघता ते बोलू लागले. मोजणी बरोबर होती, ते म्हणाले. रेघ जिथे येते तिथेच दगड रोवायचा, असा नियम. रेघेला रुंदी नसते. "त्या दिवशी दोघे भाऊ माझ्या मागे उभे होते, थोरला म्हणाला, साहेब, जरा इकडे-तिकडे सोडून रोवा, आम्ही बघून घेऊ. मी म्हटलं, असं नाही चालत." एवढं बोलून ते रडले, फुलांच्या टोपलीवर, सगळ्यांसमोर. जन्मभर 'हॅलो' म्हणून पुढची माणसं जोडून देणाऱ्या मला एक शब्द सुचला नाही, म्हणून मी त्यांच्या टोपलीत फुलं टाकत राहिले.

भीमबाईने दुपारी तिच्या अंगणात बोलावलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. दोन दिवसांत पहिल्यांदा जिभेला मीठ लागलं. ह्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि भीमबाईच्या दाराची चौकट तिरकी बसली आहे, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे. निघताना तिने भाजलेली मोहफुलं आणि तीळ कुटून केलेले लाडू पळसाच्या पानात बांधून दिले.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, आणि परतीच्या प्रवासात ह्यांनी मला डुलकीही लागू दिली नाही. जीपचा ड्रायव्हर वळण चुकतोय, उटनूरच्या स्टँडचा चढ चुकीच्या बाजूला काढलाय, तू तीनच दिवसांना तीन बॅगा का भरल्यास, उकडलेली काकडी ही कोणाची कल्पना. आदिलाबादला चटणी तिसऱ्यांदा मागितली ती त्यांनी. पैनगंगा ओलांडेपर्यंत मला वाटायला लागलं की माणूस जरा गप्प होता तेच बरं होतं. असं वाटल्याचं मनाला लागलं, पण वाटलं खरं.

पांढरकवडा गेलं. मग ते उठले, बस चालत असताना, दांड्याला धरून कंडक्टरपर्यंत गेले आणि म्हणाले, "पुढच्या फाट्यावर थांबवा."

मी म्हटलं, अहो, तिकीट यवतमाळचं आहे. दुपारचे दीड वाजलेत. तिथून परत गाडी कधी मिळेल याचा पत्ता नाही. बाटलीत पाणी नाही.

"थोरल्याच्या बायकोला भेटायचंय," ते म्हणाले. "कोर्टात मी तिला एवढंच सांगितलं, मोजणी बरोबर होती. तिचा नवरा मला काय म्हणाला होता, ते सांगायचं राहिलं."

बस आम्हाला फाट्यावर सोडून गेली. झाड नाही, टपरी नाही, गाव दीड किलोमीटर आत, रस्ता पांढरा पडलेला. ह्यांनी पळसाच्या पानातली पुरचुंडी हातात घेतली आणि चालायला लागले. तीनही बॅगा माझ्याकडे. ती बाई दार लावून घेईल, शिव्या देईल, घरात कोणी असेल-नसेल, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

तीन दिवसांच्या शिबिरात मला मौन जमलं नव्हतं. ते त्या रस्त्यावर जमलं, त्यांच्या मागे चालताना, गाव येईपर्यंत.